नेलीनने न प्यालेलं शहाळं

नेलीन जाळ्यापाशी उंच उडाली, चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात सणकन आपटला आणि खाली येताना तिचा डावा पाय प्रवाळाच्या धारदार तुकड्यावर पडला. ती मटकन बसली. पांढऱ्या वाळूत लाल ठिपके पडायला लागले, तेव्हा तिला कळलं की हा पाय आता आठ-दहा दिवस तरी कामाचा नाही. आणि समुद्रापलीकडच्या नुमेआ शहरातली स्पर्धा अवघ्या तीन महिन्यांवर आलेली.

"छान," जाळ्यापलीकडून मेरिअम म्हणाली. "आता मी एकटीच खेळते. इकडून मारते आणि पळत जाऊन तिकडून परतवते."

मेरिअम तिची जोडीदारीण. सात वर्षं दोघी बीच व्हॉलीबॉल एकत्र खेळत होत्या. देशातलं एकही बक्षीस दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं त्यांनी. मेरिअमच्या सर्व्हिसपेक्षा तिची जीभ जोरात लागते, हे मात्र बेटावरच्या एमालाऊ गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

गेल्या वादळाने मैदानाची जुनी वाळू समुद्रात ओढून नेली होती. नवी वाळू दोनच दिवसांपूर्वी आली होती, आणि त्याच वाळूची आणखी एक खेप घेऊन एक ट्रक आता मागे मागे येत मैदानाच्या कडेला थांबला. नेलीन एका पायावर लंगडत तिथवर गेली. चालक खाली उतरायच्या आतच तिने त्याला फैलावर घेतलं. ही वाळू आहे की काचेचा चुरा, आणताना डोळे कुठे गहाण टाकले होते, माणसं यावर अनवाणी खेळतात हे कधी कानावर आलंय का... असं बरंच काही.

तो खाली उतरला. उंच, खांदे रुंद, भुवयांवर वाळूची पांढरी धूळ. त्याने तिच्या पायाकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला.

"मला वाटलं... घर बांधायला हवीये."

"घर? मधोमध जाळं लावून?"

"आठ वर्षं न्यूझीलंडला सफरचंदं तोडत होतो," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "गेल्याच आठवड्यात आलोय. म्हटलं, आता गावात अशीच घरं बांधत असतील."

नेलीनला खरं तर आणखी रागवायचं होतं. पण हसू आलं. पायातून रक्त येत असताना आपण हसतोय याचा तिला स्वतःलाच धक्का बसला, आणि त्या धक्क्यात ती त्याला नाव विचारायचंही विसरली.

नाव मेरिअमने सांगितलं. कालमेत. गावचे प्रमुख कालोरीब यांचा सख्खा भाचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेरिअमचा सराव बघायला नेलीन पाय बांधून आली, तर कालमेत आधीच मैदानात बसलेला. समोर लाकडी चौकटीला मासेमारीचं बारीक जाळं ठोकून केलेली चाळण. एक फावडं वाळू टाकायची, हलवायची, वर राहिलेले प्रवाळाचे तुकडे बादलीत फेकायचे. पुन्हा एक फावडं.

नेलीन बघतच राहिली. मैदान सोळा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि गुडघ्याएवढं खोल. हा माणूस ते अख्खं चाळायला बसला होता.

"महिना लागेल," ती म्हणाली.

"तुझा पाय बरा व्हायला किती लागेल?"

"दहा दिवस."

"मग अर्धं मैदान आधी करतो. एका पायाने तू अर्ध्याच मैदानात खेळणार ना..."

असं सुरू झालं ते. रोज पहाटे तो ट्रकवर जायच्या आधी दोन तास वाळू चाळायचा. नेलीन कडेला बसून राहायची, आणि पाय बरा झाल्यावर त्याने चाळलेल्या भागात उड्या मारायची. हॉटेलच्या चादरी धुवायच्या कामावर ती आताशा उशिरा पोहोचायला लागली होती. बोलणं व्हायचं ते असं अधूनमधून, चेंडू आणायला गेलं की दोन वाक्यं, पाणी प्यायला थांबलं की चार. तरी त्या चार-चार वाक्यांतून त्याला कळलं की ती अंबाए बेटाची. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. मग एका वर्षी बेटावरचा ज्वालामुखी असा पेटला की राखेने छपरं बसली आणि होड्या भरभरून माणसं बाहेर काढावी लागली. आजी किनाऱ्याला पोहोचलीच नाही, वाटेतच गेली. तेव्हापासून नेलीन मेरिअमच्या घरी एका खोलीत राहत होती. पदकं होती, नाव होतं, रेडिओवर मुलाखत होती. फक्त 'माझं घर' म्हणून बोट दाखवायला चार हात जागा नव्हती.

हे ऐकून त्याने बिच्चारीबिच्चारी केलं नाही, हे तिला फार आवडलं. तो चाळण हलवत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "राखेत कोनफळ छान येत असेल."

"येतं," ती म्हणाली. "एवढं मोठं." आणि तिला उगाचच रडू आलं.

एकदा त्याने विचारलं, की सर्व्हिसच्या आधी मेरिअम पाठीमागे हात घेऊन बोटं दाखवते, ती काय भानगड आहे?

"तिच्या मागे मी असते. जाळ्यापाशी ती काय अडवणार ते मला सांगते. एक बोट म्हणजे सरळ मारलेला अडवणार. दोन म्हणजे तिरका."

"आणि मूठ?"

"मूठ म्हणजे काहीच अडवणार नाही. येऊ दे."

"बरं," म्हणून तो ट्रककडे निघाला. पाठमोरा. चालता चालता त्याने डावा हात पाठीशी नेला... आणि सावकाश मूठ मिटली. नेलीनने त्यानंतरची सर्व्हिस थेट नारळाच्या झाडावर मारली. मेरिअम म्हणाली, पाय बरा झाला वाटतं, आता डोकं कधी?

पुढच्या आठवड्यात सरावाच्या मध्येच पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस न बोलावता येतो आणि हाकलल्याशिवाय जात नाही. तिघं ट्रकच्या ताडपत्रीखाली शिरली, आणि मेरिअम 'माझं बाळ उठलं असेल' म्हणत भिजतच घरी पळाली. बाळ आठ वाजेपर्यंत उठत नाही हे दोघांनाही माहीत होतं. ताडपत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता. कालमेतच्या केसांतून एक थेंब कानामागून मानेवर उतरला आणि नेलीनने नजर वळवली.

"नेलीन, मी विचार करत होतो..."

"काय?"

त्याने ताडपत्रीची गाठ उगाचच घट्ट केली. "...की वाळू ओली झाली की चाळता येत नाही."

"आठ वर्षं सफरचंदांशीच बोलत होतास ना तू?" ती म्हणाली. तो इतका लाजला की तिला स्वतःचीच धडधड ऐकू यायला लागली. प्रेमात पडल्याचं तिला त्या क्षणी कळलं, आणि एकोणतिसाव्या वर्षी, आता फक्त खेळायचं असं ठरवून टाकलेलं असताना, हे असं अंगावर कोसळावं याचा तिला धक्काच बसला.

नुमेआला त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. ते कसं जिंकलं हे गावात कुणालाही विचारा, तासभर सांगेल. अंतिम सामना, पहिला सेट गमावलेला, समोरच्या दोघी या दोघींपेक्षा वीतभर उंच. शेवटच्या गुणाला नेलीन आडवी झेपावली, चेंडू मुठीवरून उडाला आणि जाळ्याच्या कडेवर अडखळून पलीकडे टपकला. रेडिओवरचा निवेदक काही क्षण बोलूच शकला नाही. गावाला वाटलं रेडिओ बंद पडला, आणि कुणीतरी त्याला चार थपडाही मारल्या.

विमानतळावर कालमेत ट्रक घेऊन आला होता, पानाफुलांनी सजवून. परतताना त्याने वाकून हळूच सांगितलं, "मी मामांशी बोललोय. म्हटलं, नेलीनसाठी असं काहीतरी करा की ती कायमची इथलीच होईल. मामा म्हणाले, शनिवारी बघच."

आता आमच्याकडे मुलाचं लग्नाचं बोलणं मामाच काढतो. नेलीनने काय समजायचं ते समजून घेतलं. चार दिवस ती तरंगत होती. बाह्यांना फिती लावलेला नवा निळा झगा तिने शिवून घेतला, आणि मेरिअमने तिला इतकं छळलं की विचारू नका.

शनिवारी सकाळी ती कालमेतच्या घरी गेली. त्याची आई, लेइताऊ, तिच्या केसांत जास्वंद खोवायला बसली. अंगणात किसलेल्या कंदांच्या लापलापचं केळीच्या पानांत बांधलेलं भलंमोठं गाठोडं तापल्या दगडांखाली गेलं होतं आणि नारळाच्या दुधाचा वास सुटला होता.

"किती वर्षं मला मुलगी हवी होती," लेइताऊ म्हणाली. "आज देवाने ऐकलं. आता शहाळं प्यालीस की तू आमच्या नारळाच्या कुळातली. माझी लेक."

नेलीनचे हात मांडीवर तसेच राहिले.

"लेक... म्हणजे, काकू?"

"म्हणजे लेकच की. दादाने ठरवलं, एवढी मोठी खेळाडू, तिचं अंबाएचं कूळ इथे कुणी धरत नाही, जमीन नाही. मग आपलंच देऊ. मैदानाच्या कडेची जागाही तुझ्या नावाने बोलणार आहे तो." तिने दुसरं फूल खोवलं. "आणि कालमेतशी ती चेष्टामस्करी आता बंद हं. भाऊ लागेल तो तुझा. भाऊ समोरून आला की बहिणीने वाट सोडायची, माहितीये ना."

माहीत होतं. आमच्याकडे माणसाला आईचं कूळ लागतं, कुणी नारळाचं, कुणी ऑक्टोपसचं, कुणी कोनफळाचं. एका कुळातली सगळी सख्खी भावंडं. मग गावं वेगळी असोत, नाहीतर तोंडओळखही नसो. त्यांच्यात लग्नाचा शब्द काढणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. नेलीनच्या पायाखालची वाळूच सरकली. ती आरशात बघत होती आणि आरशातल्या बाईच्या ओठांवर अजून मघाचं हसू होतं.

तिने कसंबसं मेरिअमला गाठलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये भट्टीचा धूर. धुरापलीकडे कालमेत उभा होता, कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. त्यालाही आत्ताच कळलं होतं. मेरिअम लाकडं मागायच्या निमित्ताने पलीकडे गेली आणि परत आली तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदाच, तिने एकही टोमणा मारला नाही.

"बोल."

"तो म्हणतो, ती कायमची इथली व्हावी म्हणालो, ते बायको म्हणून. कूळ द्या असं नाही."

"मग मामांना सांग म्हणावं."

"तेच म्हटलं मी." मेरिअमने खाली बघितलं. "तर म्हणतो... तिला जमीन मिळतेय, माणसं मिळतायत. इतक्या वर्षांनी. मी माझ्यासाठी त्याच्या आड कसा येऊ?"

नेलीनला वाटलं आता आपण रडणार. पण रडू आलंच नाही. आला तो संताप. पाय कापला होता तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. हा कोण ठरवणारा की तिला काय हवंय? मामा ठरवतात, काकू ठरवते, आणि आता हाही, तिच्या भल्यासाठी तिला सोडून देऊन मोकळा. राग असतानाही एक गोष्ट तिला स्वच्छ दिसत होती. शहाळं प्याली तर घर, जमीन, आई, सगळं मिळेल, फक्त तो नाही. आणि नाही प्याली तर गावाचा मान पायदळी तुडवल्यासारखं होईल. मग मैदानही गेलं, खेळही गेला, आणि जो स्वतःहून बाजूला झालाय तो मिळेलच असंही नाही.

ढोल वाजले. सगळं गाव वडाखाली जमलं. कालोरीबमामांनी भाषण केलं, मोठ्या आवाजात, मनापासून. राख, समुद्र, पदक, सगळं त्यात आलं. म्हातारे डोळे पुसत होते. मग लेइताऊ पुढे आली, शहाळं दोन्ही हातांत धरून. कुळाची वस्तू कुळाच्या हातून घ्यायची, की झालं.

नेलीनने शहाळं घेतलं. ओठांपर्यंत नेलं. गोड पाण्याचा थंड वास आला. सगळे तिच्याकडे बघत होते, एक जण सोडून. तो जमिनीकडे बघत होता.

तिने शहाळं खाली घेतलं आणि परत लेइताऊपुढे धरलं.

ढोल आपोआप थांबले. लेइताऊने हात पुढे केला नाही, तिला जणू दिसतच नव्हतं. मामांचा चेहरा काळवंडला.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "आमचं काही चुकलं का?"

"नाही मामा. एवढं कुणी माझ्यासाठी केलं नाही." तिने शहाळं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "तुम्ही मला लेक करताय. मला... मला लेक नाही व्हायचं."

"मग?"

"मला तुमच्या घरात बाहेरून यायचंय."

कुणालाच काही कळेना. मग म्हाताऱ्या बायकांना कळलं, आणि एकीने तोंडावर हात ठेवला. घरात मुलगी बाहेरून येते ती एकाच वाटेने. ते सगळ्यांना कळेपर्यंत एकेक डोकं वळत गेलं आणि अख्खं गाव कालमेतकडे बघायला लागलं. आमच्याकडे मुलगी असं बोलत नाही. चारचौघांत तर नाहीच. कुणीतरी खोकलं तेवढंच.

"परत केलेलं शहाळं खाली ठेवलं तर वैर होतं," मामा म्हणाले. आवाज कोरडा होता. "कुळातल्या कुणीतरी ते पिऊन टाकावं लागतं. मग अपमानही त्याचा, दंडही त्याचा. कोण पितंय?"

कुणी हललं नाही. लेइताऊच्या डोळ्यांत पाणी होतं. नेलीनच्या हातातलं शहाळं जड होत चाललं.

मग पुरुषांच्या बाजूने पावलं वाजली. कालमेत सरळ चालत आला, हातांना भट्टीची राख, तोंडाला राख. तिच्या हातून त्याने शहाळं घेतलं आणि सगळ्यांच्या देखत, मान मागे टाकून, एका दमात संपवलं. थोडं हनुवटीवरून छातीवर सांडलं. त्याने मनगटाने तोंड पुसलं.

"दंड माझा," तो म्हणाला. "चूकही माझीच. मला बोलता येत नाही, मामा."

मामांनी रिकामं शहाळं त्याच्या हातून घेतलं. "गाढवा," ते म्हणाले, "मला एवढं भाषण पाठ करायला लावण्याआधी सांगायचं होतंस." कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी एक मोठं डुक्कर आणि दहा चटया दंड ठोठावला. मग कपाळाला आठ्या पडल्या. दंडाचं ठरलं, पण या मुलीचं काय? तिला इथलं कूळ नाही. बिनकुळीची मुलगी सून म्हणून तरी कुणाच्या दारातून आणायची?

"आमच्या," मेरिअम म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "आमचं ऑक्टोपसचं कूळ काय मेलंय? सात वर्षं माझ्या पाठीशी उभी असते ती, बहीण म्हणायला आणखी काय लागतं? आमच्या घरातून न्या. आणि हा वाळूवाला माझा मेहुणा होईल, म्हणजे मरेपर्यंत मी याची टिंगल करू शकते."

पण ऑक्टोपसच्या कुळात ऑक्टोपस खाल्ल्याशिवाय जाता येत नाही, आणि तो काही घरात ठेवलेला नसतो. नशिबाने ओहोटी होती. मेरिअमच्या कुळातल्या झाडून सगळ्या बायका झगे खोचून खडकांवर उतरल्या. कालमेतने मदतीला पुढे पाऊल टाकलं तर त्याला हाकललं, परक्या कुळाच्या माणसाचं इथे काम नाही म्हणून. तो काठावर उभा राहिला. नेलीनही काठावर, दहा हात लांब. दोघं एकमेकांकडे बघायचं धाडस करत नव्हती.

तासाभराने एक ऑक्टोपस सापडला. लहानसा, पण सापडला. निखाऱ्यावर भाजला तोही घाईत, धड शिजला नाही. मेरिअमने एक तुकडा नेलीनच्या तोंडात भरवला आणि नेलीन चावायला लागली. रबर चावल्यासारखी चावतच राहिली.

तेवढ्यात कालमेत समोर आला. इतके महिने न सुटलेलं तोंड त्याचं नेमकं आत्ता सुटलं.

"नेलीन," तो म्हणाला. आवाज फुटत होता. "लग्न करशील माझ्याशी?"

तिचे गाल फुगलेले. तिने मान हलवायला घेतली, तशी मेरिअमने तिची हनुवटीच धरली.

"अं-हं. आधी गीळ. गिळल्याशिवाय तू कुणाचीच नाहीस. तुझा होकार धरला जाणार नाही."

गाव थांबलं. मामा थांबले, लेइताऊ झग्याची बाही तोंडाशी धरून थांबली, आणि तो, राखेने माखलेला, शहाळ्याने चिकट झालेला, श्वास रोखून थांबला. नेलीन चावत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अंबाए सोडल्यापासून तिला कुणीकुणी आसरा दिला होता. पण ती आपली व्हावी म्हणून एवढी माणसं अशी वाट बघत उभी आहेत, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली.